तिरक्या घडीतला घोडा

६ जानेवारी

ती. काका,

तुम्हाला फोन केला की "कोण? मोठ्यानं बोल!" एवढंच बोलून तुम्ही ठेवून देता, म्हणून हे पत्र. बाबांना जाऊन वर्ष होत आलं तरी त्यांचं लोखंडी कपाट उघडायचा मला धीर होत नव्हता. परवा उघडलं. शी! काका, मी दवाखान्यात दिवसभर लोकांच्या चिघळलेल्या जखमा धुते, पट्ट्या बदलते. मला किळस अशी सहज येत नाही. पण बाबांच्या त्या प्लॅस्टिकच्या अल्बमात हात घातला आणि बोटांना हिरवा चिकट रस लागला. प्लॅस्टिक पाझरलंय आणि सगळी नाणी त्यात बरबटलीत. आई दारात नाक दाबून उभी. "जन्मभर माणसाला सांगत होते, हात धू, हात धू," एवढंच म्हणाली.

वरच्या खणात वेगळ्या डबीत आपला घोडा होता. तेवढा लख्ख. घोडेस्वाराचं ते चांदीचं नाणं घ्यायला बाबांनी आईची शिलाई मशीन विकली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या मशीनवर ती अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची. तेव्हा ती काही बोलली नाही. आता नजर अधू झालीय, माझ्याकडेच असते, आणि आता बोलते. "बाकी सगळं मोडीत घाल. पण तो घोडा खरा होता का, एवढं मला मरायच्या आधी कळू दे. माझी मशीन कशापायी गेली ते कळू दे."

म्हणून तो घेऊन मी बाबांची नाणी पारखणाऱ्या त्या भिंगवाल्याकडे गेले. जिन्याखालचं दुकान. आत शिरताच पितळेचा, घामाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास. एका डोळ्याला भिंग लावून स्वारी काडीने कान कोरत बसलेली. मी डबी पुढे केली, तर त्याच काडीने, त्याच काडीने काका, त्याने घोडा उलटा केला! मग दगडावर टाकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "नकली आहे. दुसरं कुठंय?"

बाबा गेल्याबद्दल एक शब्द नाही. एकाला खोटं म्हणायचं आणि वर दुसरं मागायचं! म्हणजे हे भाव पाडून घ्यायचं आणि घरात आणखी काय दडलंय तेही उकरायचं. मी नाणं हिसकावलं आणि बाहेर पडले. घरी येऊन आधी स्पिरिटनं पुसलं.

आता मी तो मोबाइलवरच विकणार. तिथे निदान कुणाच्या कानातला मळ लागणार नाही. शिवाय दहा जाणकार बघतील, बोली लावतील, म्हणजे खरं काय ते आईलाही कळेल. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

तुमची
ठमी


१५ जानेवारी

चि. ठमे,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा.

भिंगवाला चोर आहे, वाद नाही. खऱ्याला खोटं म्हणणं ही त्या लोकांची जुनी खोड. तू नाणं उचलून आलीस हे झकास केलंस. पण बये, चोर असला तरी त्याला तोंड आहे, दुकान आहे, दुकानाला पायरी आहे. फसवलंन तर त्या पायरीवर बसून त्याच्या नावानं शंख करता येतो. मोबाइलवरचा चोर फसवेल तेव्हा कुठे जाऊन बसशील? मला त्या प्रकाराची शिसारी येते. नाण्याचा फोटो काढतात, फोटोवर भाव करतात! नाणं कडांनी धरावं, तळव्यावर तोलावं, त्याचा गारवा घ्यावा. मला तर त्या यंत्राचं हिरवं बटण आणि लाल बटण यापलीकडे काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मी सुतार माणूस. हाताला लागत नाही त्यावर माझा विश्वास नाही.

तेव्हा घोडा माझ्याकडे पाठव. इथल्या माझ्या ओळखीच्या दुकानात मी स्वतः घेऊन जातो. दादानं तो आणला त्या दिवशी मी बरोबर होतो, ठमे. घरी आल्यावर मला घास गिळवेना, इतका तो डोळ्यांत भरला होता. पण थोरला तो थोरला. नाणं त्याचं झालं.

बाकीच्यांचा तो हिरवा रस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढ. घासू नकोस, अजिबात घासू नकोस. मग प्लॅस्टिक फेकून दे आणि प्रत्येक नाणं पातळ कागदात ठेव. कागद तिरका धरायचा, नाणं मध्ये, खालचं टोक वर, दोन्ही बाजू एकावर एक, आणि शेवटचं टोक असं आत खोचायचं की खिसा तयार होतो. उलटं धरून झटकलं तरी नाणं पडत नाही. दादानंच बसवलेली घडी ती. त्यानं मला शिकवली, आणि आम्हा दोघांखेरीज कुणाला जमली नाही. वहिनीला विचार, तिच्या शिवणाऱ्या हातालाही जमली नव्हती!

घोडा पाठव. वाट बघतो.

तुझा
काका


२ फेब्रुवारी

ती. काका,

रागावू नका, घोडा पाठवत नाही. आईच नको म्हणाली. "उजेडात विक," म्हणाली, "चार लोकांसमोर. दुकानातली कुजबुज मी तुझ्या बापाच्या संसारात पुष्कळ ऐकली." मग मी टाकला मोबाइलवर.

आणि काका, काय सांगू! वाटलं होतं, जाणकार लोक येतील. आली ती गटारातली माणसं. न बघता, न विचारता, "शेवटचा भाव बोल." एक म्हणे, निम्म्यात देणार असशील तर आत्ता घेतो, नाहीतर तू चोरीचा माल विकतेस म्हणून तक्रार करतो. एकानं लिहिलं, नाणं तळहातावर ठेवून फोटो पाठव. मला वाटलं, आकार बघायचा असेल. पाठवला. तर उत्तर आलं, "हात छान आहे, बाकीचीही बघायला आवडेल." शी! त्या दिवशी मी माझाच हात साबणानं धूत बसले. जखमेत अळ्या पडलेला माणूस परवडला, तो निदान लाजतो.

भिंगवाल्याचा कान आणि ही माणसं, यांतलं जास्त घाण काय ते मला ठरवता येईना.

पण सगळ्या उकिरड्यात एकच सभ्य माणूस भेटला. "निर्मळ" नावानं लिहितो. भाषा कशी मऊ! आधी विचारलं, घरात कुणाचा संग्रह होता? मग म्हणाला, वडिलांची आठवण विकताना जड जात असेल. कडेचा फोटो मागितला, वजन विचारलं नाही, भावाची घासाघीसही केली नाही. काल त्यालाच दिला. आईला वाचून दाखवलं, तर तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला. "म्हणजे मागणारा निघाला," म्हणाली. "खोट्याला कोण एवढं देतंय!" आणि दुपारी चक्क गाणं गुणगुणत होती.

तुमची ती तिरकी घडी मला काही जमली नाही. कागद फाडफाडून कंटाळले आणि शेवटी फुगेवाल्या प्लॅस्टिकात गुंडाळून त्या मोबाइलवाल्या कंपनीच्या माणसाकडे दिला; घेणाऱ्याचं खरं नाव-पत्ता कंपनी आपल्याला दाखवत नाही.

तुमची
ठमी


१० फेब्रुवारी

चि. ठमे,

विकलासच शेवटी. काकापेक्षा तुला तो कोण कुठला निर्मळ जवळचा वाटला. ठीक आहे. तुझी वस्तू, तुझी मर्जी. आम्ही काय, जुनी खोडं.

एवढंच सांगतो, मोबाइलवर गोड बोलणाऱ्या माणसाचा भरवसा धरू नये. नंतर म्हणू नकोस की काकानं सांगितलं नव्हतं.

वहिनीला नमस्कार. तिला फार आशा लावून ठेवू नकोस.

काका


१ मार्च

ती. काका,

तुमचंच खरं झालं. कौतुक करून घ्या.

त्या निर्मळानं कंपनीकडे तक्रार केली की मी त्याला नकली नाणं पाठवलं. कंपनीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्याचे पैसे त्याला परत दिले आणि मला कळवलं की माल परत येतोय. आला. डबीत घोडा होता, पण आपला नव्हे. काळवंडलेला, अंगावर ओरखडे, कडेला गंजाचे तांबूस डाग, आणि हाताला लागणारा तेलकट मळ. म्हणजे आपलं लख्ख नाणं त्यानं ठेवून घेतलं आणि हे कुठलंसं भिकार मला पाठवलं. पैसेही त्याचे, नाणंही त्याचं.

कंपनीला मी भांडून भांडून लिहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर: "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे." माणूस आहे की यंत्र, तेही कळत नाही. या सगळ्याची मला इतकी किळस आलीय की मोबाइल हातात धरवत नाही.

पण माझं सोडा. आईला सांगावं लागलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे खोटंच होतं." मी म्हटलं, आई, तो माणूस खोटा, नाणं नव्हे. तर म्हणे, "भिंगवाला खोटं म्हणाला, हाही खोटं म्हणाला. सगळं जग खोटं आणि तुझा बापच तेवढा खरा होय?" तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. मशीन विकली तेव्हा ती रडली नव्हती, काका. आता रडते.

तुम्ही या नाणेवाल्या लोकांत आयुष्य काढलंत, म्हणून विचारते. असं कोण करत असेल हो? पार्सल उघडलं आणि मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले. तुम्हाला काही सुचत असेल, काही आठवत असेल, तर मला लिहा. मी वाट बघते.

तुमची
ठमी


८ मार्च

चि. ठमे,

पत्र वाचून माझं रक्त उसळलं. कसली ही माणसं! म्हाताऱ्या बाईच्या आशेवर डल्ला मारायचा! अशांना आईबाप नसतात का? थू! माझ्या तोंडाची चव गेली. आमच्या वेळचे दुकानदार लबाड होते, पण असे केसानं गळा कापणारे नव्हते.

मी सांगत होतो की नाही? पण झालं ते झालं. आता माझं ऐक. ते घाणेरडं नाणं घरात ठेवू नकोस. त्याच्याकडे बघून जीव जाळत बसशील. त्या कागदासकट सरळ गटारात फेकून दे आणि हात झटक. भिंगवाल्याला तर मुळीच दाखवू नकोस. तो आधी हसेल आणि मग गावभर सांगेल.

आणि वहिनीला एकदाचं सांगून टाक की खोटंच होतं. दादा भोळा होता, कुणीतरी त्याला गंडवलं, संपलं. म्हाताऱ्या माणसाला लटकत ठेवू नये. एकदा काय ते कळलं की चार दिवस रडेल आणि शांत होईल.

तू फार विचार करू नकोस. देव सगळं बघतो.

तुझा
काका


२० मार्च

काका,

पार्सल उघडलं तेव्हा मी ओट्याशी का उभी राहिले ते आता सांगते. ते नाणं पातळ कागदात होतं. कागद तिरका, खालचं टोक वर, बाजू एकावर एक, शेवटचं टोक आत खोचलेलं. मी उलटं धरून झटकलं. पडलं नाही.

बाबा गेले. मला ती घडी जमत नाही. आईला जमत नाही. मग उरलं कोण?

मोबाइलवर निर्मळ होणं तुम्हाला जमलं. हिरव्या बटणापलीकडचं सगळं जमलं. माझ्या बापाच्या आठवणीवर मऊ मऊ लिहिणंही जमलं. पण नाणं नुसतं पाकिटात टाकणं तुम्हाला जमलं नाही. खोटं समजत होतात, तरी हातानं आपलं काम केलं.

मला ते ओळखूनही मान्य करायचं नव्हतं. म्हणून मागच्या पत्रात कागदाचं एक अक्षर लिहिलं नाही. म्हटलं, काकांना एक संधी देऊ. म्हणतील, ठमे, मोह झाला, माफ कर. मी पोस्टमनची वाट बघत होते हो. आणि तुम्ही लिहिलंत, कागदासकट गटारात टाक. कुठला कागद, काका? मी कागद कुठे म्हटलं होतं?

माझी आई भिंतीकडे तोंड करून रडते हे वाचून तुम्ही लिहिलंत, सांगून टाक खोटंच होतं, चार दिवस रडेल. लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून मी बाजार बघितलाय. आता त्या खांद्याची आठवण आली तरी अंगावर शहारा येतो. तो हाताचा फोटो मागणारा माणूस सरळ तरी होता. घाण तोंडावर बोलला.

आता पुढचं वाचा. बसून वाचा.

तुम्ही नको म्हणालात म्हणूनच मी ते काळं नाणं घेऊन भिंगवाल्याकडे गेले. हे मी विकलेलं नाणं नव्हे एवढं त्यानं लिहून द्यावं, म्हणजे कंपनीशी भांडता येईल, असं मनात होतं. त्याच्या कानात काडी होतीच. माझ्या हातातली घडी बघितली आणि काडी खाली ठेवली. उघडली. नाणं दगडावर टाकलं. काका, तो आवाज! आमच्या लख्ख घोड्याचा आवाज नुसता टक्क असा होता. हा घोडा गात राहिला. भिंगवाल्यानं वजन केलं, कड बघितली, आणि म्हणाला, "हां. हे ते दुसरं. खिळ्यांच्या डब्यात ठेवलं होतं काय कुणी?"

मी म्हटलं, हे नकली आहे ना?

तर माझ्यावर खेकसला. "नकली ते, जे तू मागं घेऊन आलीस आणि हिसकावून पळालीस. हे खरं आहे. दोन्ही माझ्याच तराजूत बसलीत." एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही हा त्याचा नेम आहे, पण बाबा आता नाहीत, म्हणून सांगितलं.

बाबांनी घोडा घेतला तेव्हा तुम्ही धरणं धरून बसला होतात, मलाही हवं म्हणून. भाऊ तुटेल म्हणून बाबांनी भिंगवाल्याच्या ओळखीच्या सोनाराकडून त्याची नक्कल ओतून घेतली. ही नक्कल तुम्हाला मिळाली, असं तुम्ही जन्मभर समजत आलात. तसं नव्हतं. बाबांनी दोन्ही नाणी भिंगवाल्याच्या दुकानात पुढ्यात ठेवली, खरं ते घडीत घातलं आणि म्हणाले, "हे धाकट्याचं. खरं म्हणून दिलं तर महिन्यात विकून खाईल. खोटं म्हणून दिलं तर कुणाला विकता येणार नाही, त्याच्यापाशी राहील. म्हातारा झाला, शहाणा झाला की सांगेन." मग अचानक गेले. सांगायचं राहिलं.

म्हणजे खरा घोडा सगळा जन्म तुमच्याच घरात होता, काका. खोटं म्हणून तुम्ही त्याला खिळ्यांत लोळवलंत. आणि आमचं खोटं हडप करायला तो मला स्वतःच्या हातानं पाठवून दिलात, टोक नीट आत खोचून.

तुमच्याकडे आता जे लख्ख आहे ते ओतीव आहे. दगडावर टाकून बघा.

तुम्हाला वाटेल मला यात आनंद झाला. नाही. मला बाबांचाही राग आला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती उठून बसली. म्हणाली, "म्हणजे खरं होतं?" मी म्हटलं, हो आई, खरं होतं. तशी म्हणाली, "माझी मशीन विकून खरं आणलं, ते भावाच्या खिशात घातलं, आणि मला सांगत राहिला, डबी जपून पूस. मी काय पुसत होते इतकी वर्षं?" तुम्हाला याचं उत्तर सुचत असेल तर मनात ठेवा, लिहू नका.

मी घोडा तिच्या हातात दिला. तिला दिसत नाही नीट, तिनं अंगठ्यानं चाचपला, घोड्याची मान, शेपूट, स्वाराचा हात. "वजनदार आहे," म्हणाली. मग मला परत दिला आणि म्हणाली, "नेऊन दे त्या कान कोरणाऱ्याला. तोंडावर खोटं म्हणाला होता, तेवढा एकच माणूस यात बरा. माझ्या घरात नको हे."

सोमवारी मी तो देऊन येणार आहे. तुम्ही आमच्याकडे येऊ नका. आईनं सांगायला सांगितलंय.

नाणं माझ्या हातात दिल्यावर तिनं आधी साबण मागितला. वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून कितीतरी वेळ धूत होती.

ठमी


२४ मार्च

चि. ठमे,

तुझं पत्र मिळालं. तू लहान आहेस, रागात काहीबाही लिहिलंस, मी मनावर घेत नाही. दादानं मला सांगायला हवं होतं. सख्ख्या भावाला असं फसवतात का? माझ्या जिवाला काय लागलं असेल याचा विचार तुम्हा मायलेकींपैकी कुणीच केला नाहीत.

भिंगवाल्यानं नीट बघितलं ना? वजन किती भरलं तेवढं कळव. शेपटीजवळची चीर खिळ्याची आहे, मूळची नव्हे, त्यानं किंमत फारशी उतरत नाही, हे त्याला ठासून सांग, नाहीतर तो पाडून मागेल. गंज मुळीच घासू देऊ नकोस.

आणि सोमवार उलटून गेला असला तरी अजून दिलं नसशील, तर आधी मला कळव. शेवटी ते दादानं मला दिलेलं आहे.

वहिनीला नमस्कार.

काका